बडाखान्याचा डीजे आणि माझा डावा कान



"साहेब, डीजेचं सामान घ्यायचंय, कुठलं घेऊ?" असा फोन मला वर्षातून चार-पाच वेळा तरी येतो. फोन करणारा बहुतेक कुठल्या तरी युनिटमधला नायक किंवा लान्स नायक असतो. बडाखान्यात मोबाइलवरून गाणी लावता लावता त्याला ही खाज सुटलेली असते. मी आधी विचारतो, "कान कसे आहेत?" तो हसतो. त्याला वाटतं साहेब चेष्टा करतायत.

मी तोफखान्याचा माणूस. नाशिकरोडच्या सेंटरमधून बाहेर पडलो आणि पहिली सात वर्षं थेट गनवर काढली. १०५ फील्ड गन. कानाला लावायची साधनं तेव्हाही मिळायची, नाही असं नाही. पण ती लावणारा पोरगा कच्चा समजला जायचा. कापसाचा बोळा कोंबला की झालं. फायरिंग संपल्यावर दोन-दोन दिवस कानात रातकिडे ओरडायचे आणि आम्ही ते एकमेकांना कौतुकानं सांगायचो. पुढे टेक्निकल असिस्टंट झालो, गनपासून लांब गेलो. पण डाव्या कानातला रातकिडा काही गेला नाही.

डीजेचा नाद लागला झाशीला, २०१९ मध्ये. फॅमिली क्वार्टर मिळालं होतं, संध्याकाळी वेळ असायचा. दिवाळीत मी पंधरा हजारांच्या आसपास एक छोटा कंट्रोलर मागवला. कंट्रोलर म्हणजे दोन चकत्या, मध्ये सरकवायचे फेडर, आणि सगळं लॅपटॉपला जोडलेलं. सौ. खोकं उघडताना बघत होती. म्हणाली, "अहो, डीजे म्हणजे गणपतीत आपल्याकडे ट्रकवर स्पीकरची भिंत उभी करतात, तेच ना?" तिचं चुकलं नाही. आमच्या तासगावकडे डीजे म्हणजे भिंत, मागे जनरेटर, आणि छातीत धडधडणारा आवाज. गाणी निवडणारा आणि एकातून दुसरं काढणारा माणूस म्हणजे डीजे, हे तिला सांगेपर्यंत मुलीनं माझ्याआधीच दोन गाणी जोडूनसुद्धा दाखवली.

त्या यंत्राला मी वाईट म्हणणार नाही. शिकायला तेच बरं. मात्र त्याच्या पोटात साऊंड कार्ड नव्हतं. आवाज निघायचा लॅपटॉपच्या हेडफोनच्या भोकातून. तिथे दोन फाट्यांची वायर लावायची, एक फाटा स्पीकरला, दुसरा हेडफोनला. म्हणजे स्टिरिओच्या दोन बाजूंपैकी एक बाजू लोकांना आणि एक आपल्याला. दोन्हीकडे मोनो. माइक लावायला जागाच नाही. घरात हे काही खुपत नाही. झाशीत वर्षभर मी त्यावर खूश होतो.

मग युनिट वर गेलं. जागेचं नाव लिहीत नाही, उंची दहा हजार फुटांच्या वर होती एवढं पुरे.

जानेवारी २०२१. आमच्या बॅटरीचे एक सुभेदार साहेब पेन्शनला निघाले होते, २८ वर्षांची नोकरी करून. मी सेंटरमधून कोवळा पोरगा म्हणून आलो तेव्हा ते नायक होते. गन ड्रिल त्यांनीच शिकवली. पिथौरागढचे, बोलणं कमी, हात भारी. माझ्यासाठी ते शेवटपर्यंत उस्तादच. त्यांच्यासाठी बडाखाना ठेवला होता आणि गाण्यांची जबाबदारी माझी. चार दिवस आधीपासून तयारी. उस्तादांना आवडणारी कुमाऊँनी गाणी एका पोरानं सुट्टीवरून पेनड्राइव्हमध्ये आणली होती. ती पहिल्यांदाच सगळ्यांसमोर वाजणार होती.

अडचण सुरुवातीलाच आली. जनरेटर लांब, स्पीकर शेडच्या दुसऱ्या टोकाला, मध्ये माझी वीस मीटर साधी वायर. गाणं सुरू करायच्या आधीच स्पीकरमधून 'हूंऽऽऽ' असा आवाज. वाटलं गाणं लागलं की दबेल. ते दबलं नाही, गाण्याच्या खाली बसून राहिलं. तरी पोरं नाचली. साहेब लोक जवानांना वाढत होते, रम फिरत होती, 'हूं'कडे कोण बघतो? तास-सव्वा तास चाललं. मग लॅपटॉपनं मान टाकली. बॅटरी थंडीत अर्ध्याहून लवकर उतरते हे मला कळायला हवं होतं. चार्जर लावला की गुणगुण दुप्पट होत होती, म्हणून मीच तो काढून ठेवला होता. बॅटरीच्या बडाखान्यात बॅटरीनंच दगा दिला, असा विनोद पुढे महिनाभर चालला.

पोरं थांबली नाहीत. कुणी जेरीकॅन घेतला, कुणी थाळी, आणि नाच सुरूच राहिला. आवाज गेला म्हणून बडाखाना पडला असं काही झालं नाही.

मला लागलं ते पुढचं. शेवटी बीसी साहेबांनी उस्तादांना दोन शब्द बोलायला सांगितलं. माइक नव्हता. उस्ताद उभे राहिले, हातात टोपी धरून बोलले. दोन मिनिटं असतील. मी शेडच्या कोपऱ्यात जनरेटरच्या बाजूला, डावा कान त्यांच्याकडे. ओठ हलताना दिसले. एक शब्द ऐकू आला नाही. पुढच्या रांगेतल्या दोघांनी डोळे पुसले, म्हणून मी टाळ्या वाजवल्या. सकाळी कॉन्व्हॉय निघाला. उस्ताद काय बोलले ते मी चौघांना विचारलं. चौघांनी चार वेगळ्या गोष्टी सांगितल्या.

खाली आल्यावर पोस्टिंग सिकंदराबादला झालं आणि त्याच वर्षी मेडिकलमध्ये कानाची नीट तपासणी झाली. काचेच्या खोलीत बसवतात, टिकटिक ऐकू आली की बटण दाबायचं. माझा आलेख डाव्या बाजूला ४००० हर्ट्झपाशी खड्ड्यात पडल्यासारखा खाली गेलेला. डॉक्टर मॅडम म्हणाल्या, ही आवाजानं कान गेल्याची खूण, गनर लोकांत नेहमी दिसते. जे गेलं ते परत येत नाही. उरलंय ते सांभाळा. मी हळूच छंदाचं सांगितलं. त्यांनी कागदावर लिहून दिलं: ८५ डेसिबलला दिवसाचे आठ तास. तीन डेसिबल वाढले की वेळ निम्मा. ८८ ला चार तास, ९१ ला दोन. आणि हेडफोनमध्ये तुम्ही किती ठेवता? मला सांगता आलं नाही. खरं म्हणजे सांगायची लाज वाटली. त्या दोन फाट्यांच्या वायरीतून मोनो, बारीक आवाज यायचा. शेडमध्ये गोंगाट, डावा कान अर्धा. मी नेहमी बटण टोकाला नेऊनच ऐकायचो.

घरी सौ.नं तो कागद फ्रिजवर लावला. नवीन सामानाचं नाव काढलं की ती कागदाकडे बोट दाखवायची. "आधी कान. मशीन लावायची वेळ आली तर त्यालाही पैसे लागतील. आणि पोरीची बारावी आहे." एएफपीपी फंडाला हात लावायचा नाही, हे आमचं आधीच ठरलेलं. वर्षभर मी काहीही घेतलं नाही. झालं ते बरंच झालं. काय हवंय ते या वर्षात नीट कळलं.

'हूं'चं गणित सोडवलं आमच्याच एका ऑपरेटरनं. म्हणाला, "साहेब, लाइन टाकताना फील्ड केबलच्या दोन तारा पिळलेल्या का असतात?" आयुष्यभर ओपीपासून गनपर्यंत ती केबल टाकणारे आम्ही! दोन्ही तारांवर बाहेरचा गोंधळ सारखाच चढतो, पलीकडचं टोक फक्त दोघींतला फरक घेतं, गोंधळ कटतो. एक्सएलआर केबलीतही हेच आहे. एक तार जमिनीची, बाकी दोन एकमेकींच्या उलट. माझी साधी आरसीए वायर म्हणजे वीस मीटर लांबीची अँटेना होती, जनरेटरचे ५० हर्ट्झ गोळा करणारी. म्हणजे मला हवं होतं एक्सएलआर आउटपुट, माइकची सोय, लॅपटॉपशिवाय चालणारं यंत्र, आणि आवाज न वाढवता स्वच्छ ऐकू येणारा हेडफोन. चार डेक नकोत, हात दोनच आहेत. फिरत्या चकत्या, रंगीत दिवे नकोत.

पहिला पैसा मी यंत्रावर घातला नाही. चांगला बंद कपांचा हेडफोन घेतला, बाहेरचा गोंगाट अडवणारा. त्याच्याबरोबर कानात घालायचे फिल्टरवाले प्लग. एवढ्यानंच हेडफोनचं बटण निम्म्यावर आलं. जुन्याच कंट्रोलरवर. विचारणाऱ्या पोरांना म्हणूनच सांगतो, आधी हेडफोन, मग केबल, मग यंत्र. ऐकत कुणी नाही.

यंत्र मिळालं हैदराबादेत, सेकंडहँड. परदेशी निघालेल्या एका मुलाकडे पायोनियर डीजेचा एक्सडीजे-आरआर होता. दोन चॅनल, मध्ये सात इंची स्क्रीन, एक्सएलआर, माइक, आणि गाणी थेट पेनड्राइव्हवरून. लॅपटॉपची गरज नाही. नवा लाखाच्या वर जात होता, याचे ७८ हजार ठरले. जुना कंट्रोलर आणि माझी बुलेटची साठवलेली रक्कम मिळून ते झाले. बुलेट राहिली. सौ. बरोबर आली होती. तिनं त्या मुलाला एकच विचारलं, "यात आवाज किती आहे ते दिसतं का?" त्यानं मीटरचे दिवे दाखवले. हिरवा, नारंगी, लाल. "लालमध्ये गेलात तर विकून टाकीन," ती मला म्हणाली, त्या मुलाच्या देखत.

घरी आणून पेनड्राइव्ह लावला तर एकही गाणं दिसेना. रात्री बारापर्यंत झटलो. ६४ जीबीचा ड्राइव्ह एक्सफॅटमध्ये फॉरमॅट केलेला होता आणि यंत्राला हवा होता फॅट३२. माहितीपुस्तकात छापलेलंच होतं. दुसऱ्याचं सामान घेताना पुस्तक आधी वाचा.

खरी मेहनत गाण्यांवर गेली. गाणी आधी लॅपटॉपवर रेकॉर्डबॉक्समध्ये तपासून घ्यायची असतात. तो ठेके मोजतो, त्यांच्या रेघा आखतो. चार मात्रांच्या, मशीनवर वाजवलेल्या गाण्यांत चोख. पण आपली कोळीगीतं घ्या, उस्तादांची पहाडी गाणी घ्या. सहा मात्रांची चाल, ढोलक हातानं वाजवलेली, कडव्याला कडवं किंचित पळतं. तिथे रेघा भलतीकडे जातात, ८० चा ठेका १२० दाखवतो. सिंक बटण दाबलं की दोन गाणी एकमेकांच्या पायात पाय घालतात. ही सगळी गाणी मी एकेक करून हातानं आखली. डोगरी, गढवाली, नेपाळी, तमीळ, भोजपुरी. कोण कुठला आणि त्याला काय लागतं याची एक डायरी आहे. कानानं जुळवताना लोक झांजेच्या, हाय-हॅटच्या बारीक आवाजाकडे लक्ष देतात. तो माझ्या डाव्या कानाला पोचत नाही. मी उजव्या कानानं ढोलाचा ठोका धरतो आणि बाकीचं स्क्रीनवरच्या आलेखात बघतो. जुन्या तबकडीवाल्यांना हे आवडणार नाही.

सिकंदराबादला रेझिंग डेच्या बडाखान्यात ते पहिल्यांदा लावलं. फॅमिली आल्या होत्या. तीस मीटर एक्सएलआर टाकली, जनरेटर सुरू झाला, मी फेडर वर केला. काही नाही. स्पीकर गप्प. क्षणभर वाटलं बिघडलं. मग कळलं, गाणंच लावलं नव्हतं. 'हूं' नव्हतं म्हणून एवढी शांतता. तांबोल्याचे आकडे माइकवर बोलले गेले, मागच्या रांगेतल्या लहान मुलीनं फुल हाऊस मारलं. मीटर नारंगीच्या वर गेला नाही. सौ. तिसऱ्या रांगेतून बघत होती.

त्या रात्री आवरून झाल्यावर उस्तादांना फोन लावला. फोन उजव्या कानाला. मी विचारलं, "उस्ताद, उस दिन बडेखाने में आपने क्या बोला था? मुझे सुनाई नहीं दिया था."

थोडा वेळ पलीकडून फक्त कुत्र्याचं भुंकणं.

"अरे, तीन साल हो गए. बोला होगा कुछ. स्टोर का चार्ज पूरा दे दिया है, यही बोला होगा."

"लोग रो रहे थे, उस्ताद."

"धुआँ था शेड में," ते म्हणाले. मग, "वो गाने बजे थे क्या, मेरे वाले? उस दिन तो तेरा डिब्बा बंद हो गया था."

"आज बजाए."

"तो भेज दे," ते म्हणाले. त्यांच्याकडे नेट धड चालत नाही. मी पेनड्राइव्ह पोस्टानं पाठवला, फॅट३२ करून.