लक्ष्मीबाई, तुमचा त्रागा आम्हाला हवा आहे

ती. लक्ष्मीबाई टिळक यांस,


बीडजवळच्या पालीहून हे पत्र लिहिते आहे. बिंदुसरेचे धरण आमच्या गावाशी आहे, तरी पावसाने ताण दिला की इथल्या माणसाच्या जिवाचे पाणी पाणी होते. दिवाळीच्या सुमारास मुकादमाकडून उचल घेतलेली जोडपी कोयते घेऊन ऊसतोडीला निघतात. म्हातारी माणसे आणि शाळेतली पोरे मागे राहतात. फडावर कुणी आजारी पडल्याचा फोन रात्री आला, तर सकाळी एसटीला पैसे कुठून आणायचे, हा आमच्याकडचा वाईट दिवस. असा दिवस आल्यावर ख्रिस्ती माणसाने काय करावे, यासाठी तुमच्याकडे आले आहे.

आम्हा विश्वासणाऱ्यांत एक सवय रुजली आहे. प्रार्थनेला जमलेल्या बायकांत एखादी रडू लागली, की तिचे वाक्य पुरे व्हायच्या आत कुणीतरी म्हणते, ‘ताई, रडू नका, देवाची योजना असेल.’ बोलणारीचे मन चांगले असते. पण ऐकणारी घरी जाते ती दोन दुःखे घेऊन: एक आधीचे, आणि दुसरे आपला विश्वास कमी पडल्याचे. हे मला सहन होत नाही. श्रद्धेच्या नावाखाली दुखऱ्या माणसाचे तोंड बंद करण्याचा अधिकार आपल्याला कुणी दिला?

तुमचा वाईट दिवस काही वर्षे चालला. १० फेब्रुवारी १८९५ रोजी तुमच्या यजमानांनी, टिळकांनी, मुंबईत बाप्तिस्मा घेतला. धर्म त्यांनी बदलला आणि संसार तुमचा मोडला. नवरा जिवंत, पण त्याच्या हातचे पाणी चालत नाही. पदरात लहानगा मुलगा दत्तू. आणि आश्रय नातेवाइकांच्या घरी. त्या काळात तुमचा आधार ख्रिस्त नव्हता, हे स्पष्ट म्हटले पाहिजे. उलट त्याच्याच पायी तुमचे घर गेले होते. तुम्ही रडलात, रागावलात, दुखणाईत झालात, आणि पुढे ‘स्मृतिचित्रे’ या आत्मचरित्रात ते सगळे लिहून ठेवलेत. ‘तेव्हाही मला आतून शांती होती’ असे खोटे तुम्ही लिहिले नाही. साक्ष कशी द्यावी हे मला कुणी विचारले, तर मी त्या पानांकडे बोट दाखवीन.

मग तुम्ही टिळकांकडे राहायला गेलात, ते आपला धर्म आणि सोवळे सांभाळून. वेगळे पाणी, वेगळा स्वयंपाक. टिळकांनी सक्ती केली नाही. देवाने माणसामाणसांत भेद केला असेल का, हा प्रश्न तुम्ही स्वतःशीच सोडवलात, सोवळे सुटले आणि १९०० मध्ये तुम्ही बाप्तिस्मा घेतलात. म्हणजे तुमची श्रद्धा संकटावरची गोळी म्हणून आली नाही. भांडून, विचार करून, पुरता वेळ घेऊन आली. म्हणूनच ती पुढे टिकली, असे मला वाटते.

पवित्र शास्त्रातही हेच आहे, फक्त आपण ती पाने भराभर उलटतो. स्तोत्रसंहितेत तक्रारीची स्तोत्रे कितीतरी आहेत. अठ्ठ्याऐंशीवे स्तोत्र तर अंधारातच संपते, शेवटी समाधानाची एक ओळही नाही. तरी ते शास्त्रातून कुणी काढले नाही. आणि १ राजे, अध्याय १९ मधला संदेष्टा एलीया! आम्हा दुष्काळी मुलखातल्या लोकांना तो सगळ्यांत जवळचा. कारण त्याची कथाच पाऊस न पडण्याने सुरू होते. कर्मेल डोंगरावर एवढा विजय मिळवला, आणि राणी ईजबेलीची धमकी येताच तो रानात पळाला. रतामाच्या झुडपाखाली बसून त्याने मरण मागितले. देवदूत आला, पण त्याने उपदेश केला नाही. निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाणी उशाशी ठेवले, खा म्हटले. एलीया जेवला, पुन्हा झोपला, आणि दूताने त्याला पुन्हा जेवायला उठवले. देवाचे बोलणे त्यानंतर, लांबची वाट चालून झाल्यावर. वाईट दिवशी आधी जेवण आणि झोप, हा क्रम देवाने स्वतः पाळला आहे. आम्ही मात्र उपाशी माणसाला वचने पाठ म्हणायला सांगतो.

तुम्हाला हा क्रम कुणाला शिकवावा लागला नाही. टिळक निराधार मुले घरी आणत आणि त्यांचे पोट भरायचे तुम्हाला बघावे लागे. नगरला प्लेग आला तेव्हा घरची माणसेही जवळ जायला भीत, त्या रोग्यांची तुम्ही शुश्रूषा केलीत. १९१९ च्या मे महिन्यात टिळक गेले. त्यानंतर तुम्ही ‘स्मृतिचित्रे’ लिहिलीत आणि त्यांचे अपुरे राहिलेले ‘ख्रिस्तायन’ हे काव्य हाती घेतलेत. शाळेचे तोंड न पाहिलेल्या बाईने हे केले! दुःख संपल्यावर तुम्ही कामाला लागलात असे कुठे दिसत नाही. दुःख चालूच होते, आणि काम शेजारी बसून झाले.

इथे एक सांगायलाच हवे. आमच्या पालीत ‘इन्फंट इंडिया’ नावाची संस्था आहे. एचआयव्हीची लागण झालेल्या, घरच्यांनी नाकारलेल्या मुलांना दत्ता आणि संध्या बारगजे यांनी तिथे घर दिले. ही संस्था ख्रिस्ती नव्हे आणि तिला तसे म्हणण्याचा मोह मला नाही. पण तुम्ही आज पालीला आला असता, तर चर्चच्या आधी तिकडेच गेला असता, पदर खोचून स्वयंपाकघरात शिरला असता, याची मला खात्री आहे. आमच्यातल्या ज्यांचा दिवस वाईट जातो, त्यांनी एखादी दुपार अशा ठिकाणी भाजी निवडायला जावे, असे मी मंडळीत सुचवणार आहे. दुःख विसरण्यासाठी नव्हे. बरोबर घेऊनच जावे.

कोयतेवाली जोडपी परतली, की संध्याकाळच्या प्रार्थनेत तुमचे पुस्तक थोडे थोडे वाचायचे ठरवले आहे. पहिल्या दिवशी आधी अठ्ठ्याऐंशीवे स्तोत्र, मोठ्याने, मध्ये न तोडता. ते झाल्यावर कुणी कुणाला समजवायचे नाही. टिळकांची भजने गाऊ, ती इथे सगळ्यांना पाठ आहेत. मग जिला बोलायचे असेल ती बोलेल, तिचे पुरे होईपर्यंत. भाकरी आणि पिठल्याचे मी बघते. वाचायला दहावीतली एक मुलगी तयार झाली आहे. तिचे आईबाप अजून कारखान्यावर आहेत.

आपली,
पालीची एक वाचक