खर्जाची जागा

बुऱ्हाणपूरच्या आमच्या गणेशोत्सवातील वाद्यवृंदात मी बेस गिटार वाजवतो. पहिल्या वर्षी सारे पैसे वाद्यावर घातले. जुना अँप्लिफायर सभागृहाच्या कोपऱ्यात ठेवून आवाज चढवला. मी तल्लीन होतो! घरी आल्यावर आई म्हणाली, "अरे, नुसतं घुमत होतं. सूनबाईचे शब्दच बुडाले." मी वरमलो.

सर्वांत जाड तारेचा नाद सेकंदाला सुमारे ४१ कंपनांचा. त्याची लाट ८ मीटरांहून लांब. कोपऱ्यात असा खर्ज फुगतो. पुढच्या वर्षी अँप्लिफायर तेथून हलवला, खर्ज उतरवला आणि मित्राच्या हाती गिटार देऊन शेवटच्या रांगेतून ऐकले.

त्या रात्री आई गिटारविषयी काहीच बोलली नाही. सुनेचे गाणे मात्र गुणगुणत राहिली. मला पावती मिळाली.