पऱ्हाटीचा आधार



आमचे तलवाडा गाव गेवराई तालुक्यातले, त्वरितादेवीचे. दिवाळी झाली की गल्लीतल्या कितीतरी घरांना कुलूप लागते. मुकादमाची उचल घेतलेली जोडपी कोयते, भांडीकुंडी आणि बिऱ्हाड ट्रॅक्टरवर लादून उसाच्या फडावर निघतात, ती पाडव्याच्या आसपास परततात. माझा मुलगा आणि सूनही त्यांतलेच. मागे उरतो मी, आमची मंडळी आणि दहा वर्षांचा नातू.

गेल्या वर्षी त्याचे आईबाप गेले त्याच आठवड्यात त्याच्या शाळेतल्या बाईंनी परसबागेसाठी मुलांना बियांच्या पुड्या वाटल्या. कुणाला मेथी मिळाली, कुणाला पालक. आमच्या वाट्याला आला ‘स्वीट पी’, म्हणजे नुसता फुलांचा वेल. दाणे वाटाण्यासारखेच गोल. पण बाईंनी बजावून सांगितले होते, “नावात गोड आहे म्हणून तोंडात घालायचं नाही, बी विषारी असतं.” हे झाड लाखेच्या डाळीच्या कुळातले. मूळचे इटलीतल्या सिसिली बेटाचे. 1699 च्या सुमारास कुपानी नावाच्या एका ख्रिस्ती साधूने तिथून त्याचे बी इंग्लंडला धाडले, आणि पुढे ते जगभर पसरले. साधूच्या हातून निघालेले बी तलवाड्यात आले, याचे मला कौतुक वाटले.

बी रात्रभर पाण्यात भिजवले आणि दक्षिणेच्या भिंतीला, सकाळचे ऊन मिळेल अशा जागी, बोटाच्या दोन पेरांवर एकेक टोचले. बारा दिवसांत कोंब वर आले. तीन-चार पानांच्या जोड्या झाल्यावर बाईंच्या सांगण्यावरून नातवाने शेंडे खुडले. मला ते बरे वाटेना. पण शेंडा खुडल्यावर बुडातून दोन-दोन फुटवे निघाले आणि वेल भरला.

आता आधार द्यायचा. मी म्हटले, आधार द्यायचा तर भक्कमच द्यावा. बाभळीचे मनगटाएवढे चार खुंट रोवले. वेल खुंटापाशी आला, पण चढेना. पानांच्या टोकाला धाग्यासारखे तणावे असतात, तेच वेलाचे हात. ते खुंटाला लागत आणि घसरून खाली लोंबत. मग मी सुतळी घेतली आणि एकेक वेल खुंटाला करकचून आवळून टाकला. मनात म्हटले, आता बघू कसा पडतो.

तेच मी नातवाचेही चालवले होते. आईबाप नसलेले पोर वाया जाऊ नये, ही काळजी. तीस वर्षे दिंडीत वीणा घेतलेल्या माणसाच्या घरात पोराला हरिपाठ येत नाही, ही लाज. दिवेलागणीला दार लावून घ्यायचे, समोर बसवायचे आणि पहिल्या अभंगापासून शेवटापर्यंत म्हणून घ्यायचे. चुकला की कान धरायचा. खेळायला जाणे बंद. तो म्हणायचा, पण ओठांनी. डोळे दाराकडे.

मार्गशीर्षातल्या एका संध्याकाळी तो घरी आलाच नाही. शाळा पाहिली, देवीची पायरी पाहिली, विहिरी पाहिल्या. विहिरीत वाकून बघताना माझ्या पायांतले बळ गेले. शेवटी तो फाट्यावर सापडला. दप्तर मांडीवर घेऊन दगडावर बसला होता. इथूनच त्याच्या आईचा ट्रॅक्टर गेला होता. मी रागवायला तोंड उघडले, पण त्याच्या गालावरचे ओघळ वाळलेले पाहिले आणि शब्द फुटला नाही. घरी येईपर्यंत दोघेही गप्प होतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी वेलांना पाणी घालायला गेलो, तर एक वेल माना टाकून पडलेला. जवळ जाऊन पाहिले. देठ जाड होत गेला होता आणि माझी सुतळी त्यात रुतून तो कापला गेला होता. मी दुसऱ्या वेलाची सुतळी चाचपू लागलो, तेव्हा नातू मागे येऊन उभा राहिला आणि म्हणाला, “आबा, त्याला बांधू नका ना. त्याला हात हैत की.”

त्या वाक्याने मी जागचा हललो नाही.

बाईंना विचारले, तेव्हा त्यांनी या हातांची रीत सांगितली. डार्विन नावाच्या शास्त्रज्ञाने 1865 मध्ये वेलींच्या हालचालींवर मोठा निबंध प्रसिद्ध केला होता. तणावा हवेत हळूहळू फिरत आधार शोधतो. बारीक काडीचा स्पर्श झाला की तिच्याकडे वाकतो आणि वेढा घेतो. काडी लगेच काढून घेतली तर पुन्हा सरळ होतो आणि नव्याने शोधू लागतो. एकदा पकड बसली की मधला भाग स्प्रिंगसारखा वळतो, म्हणून वारा आला तरी वेल ताणला जातो, तुटत नाही. पण काडी त्याच्या मुठीत मावेल एवढी हवी. मनगटाएवढ्या खुंटाला तो वेढा घालणार कसा?

मी खुंट उपटले. चुलीसाठी रचलेल्या सरपणातून वाळलेल्या पऱ्हाट्या काढल्या. कपाशीच्या त्या काड्यांना पेन्सिलीपेक्षा बारीक फांद्या असतात. त्या वेलांभोवती दाट रोवल्या. जिथे अगदीच गरज होती तिथे जुन्या धोतराची चिंधी इंग्रजी आठच्या आकड्यासारखी सैल बांधली, आत बोट फिरेल एवढी. चौथ्या दिवशी पाहतो तर तणाव्यांनी आपणहून पऱ्हाट्या धरल्या होत्या.

मला नेवाशाचा पैस खांब आठवला. त्याला टेकून माउलींनी शके 1212 मध्ये ज्ञानेश्वरी सांगितली, ही आपली परंपरा. खांबाने माउलींना धरले नव्हते. तो नुसता पाठीशी उभा होता. आणि आपण सामान्य माणसे गीतेसारख्या थोर खांबाला वेढा घालू शकत नव्हतो, म्हणून माउलींनी ती आपल्या मुठीत मावेल अशा मराठी ओवीत आणली. अरणच्या सावता महाराजांना त्यांच्या मळ्यातच विठ्ठल भेटला. संतांनी आधार दिला तो आपल्या मुठीचे माप बघून. मी मात्र माझ्या मनगटाच्या मापाचा खुंट दहा वर्षांच्या पोरापुढे रोवून बसलो होतो.

त्या संध्याकाळपासून मी दार उघडे ठेवले. नातवाला म्हटले, “खेळून ये. मी हितंच बसतो.” दिवा लावून एकटाच हरिपाठ म्हणायला लागलो. पाच-सहा दिवस तो आला नाही. मग एकदा उंबऱ्यावर येऊन बसला. मग टाळ मागितले. मी एकच अभंग घेतला, तोच रोज. पंधरवड्याने तोच म्हणाला, “आबा, पुढचा कोणता?” अजूनही काही दिवस तो येत नाही. मी हाक मारत नाही. पण जागाही सोडत नाही.

माघी एकादशीच्या सुमारास पहिली फुले आली, जांभळी आणि गुलाबी. वास असा की शेजारीण कुंपणापाशी येऊन विचारू लागली. हा वेल खुडला तरच फुलत राहतो. फुले तशीच ठेवली की शेंगा धरतात आणि फुलणे थांबते. नातू रोज सकाळी ओंजळभर फुले विठोबाच्या तसबिरीला वाहायचा, आणि दुसऱ्या दिवशी वेल पुन्हा ओंजळ भरून द्यायचा.

फाल्गुनात ऊन तापले आणि वेल वाळला. थंडीचे झाड, त्याला आमचा उन्हाळा सोसणारा नव्हता. पाडव्याला आईबाप परतले, तेव्हा दाखवायला एकही फूल नव्हते. पोर हिरमुसेल असे मला वाटले. पण तो आईचा हात धरून भिंतीपाशी घेऊन गेला आणि म्हणाला, “ओढून बघ बरं.” तिने वाळका वेल ओढला. पऱ्हाटीच मुळासकट हलली, पण तणावा सुटला नाही. तिने पुन्हा ओढले नाही. कोयत्याने घट्टे पडलेला हात त्या पकडीवर ठेवून ती बराच वेळ तिथेच उभी राहिली.

येत्या दिवाळीनंतर ती पुन्हा जाईल. पऱ्हाट्या मी राखून ठेवल्या आहेत.

रामकृष्णहरी.