माझी सोळा बोरची

माझ्याकडच्या पंप-अ‍ॅक्शन बंदुकांपैकी सर्वांत तरुण बंदूकही माझ्यापेक्षा वयानं मोठी आहे. बाहेर घोडा दिसणारी विंचेस्टर मॉडेल १८९७, पोटाखालून रिकामं काडतूस टाकणारी इथाका ३७ आणि या दोघींहून माझ्या जिवाजवळची, सोळा बोरची विंचेस्टर मॉडेल १२. पुढची मूठ मागे ओढली की रिकामं काडतूस बाहेर पडतं, पुढे ढकलली की नवं आत बसतं. काम एवढंच. पण ते काम करणारं पोलाद ज्यांनी घडवलं, त्यांच्याबद्दलचा माझा आदर वर्षागणिक वाढतच गेला आहे.

आम्ही कोल्हापूरचे. वडिलांचं उद्यमनगरात मशिन शॉप. घरात आजोबांची दुनळी होती, शेतराखणीच्या परवान्यावरची. १९७२ चा वन्यजीव कायदा आला आणि आमच्याकडची शिकार थांबली, ती योग्यच थांबली. मला ती बंदूक दिसायची खंडेनवमीला. पाटावर वडिलांचा मायक्रोमीटर, व्हर्नियर, दोन-चार कानशी आणि शेजारी झेंडूची माळ घातलेली दुनळी. वडील म्हणायचे, "हीपण कुणातरी फिटरनंच केलीय, बघ." हत्यार म्हणून बंदुकीकडे बघायच्या आधी मी तिच्याकडे जॉब म्हणून बघायला शिकलो, तो तिथे.

पुढे नोकरीनं अमेरिकेत, आयोवात आणून टाकलं. आमच्या कारखान्यात निवृत्तीला आलेला एक टूलमेकर होता, मक्याची शेती असलेल्या घरातला. माझी ओढ ओळखून त्यानं एका संध्याकाळी आपल्या वडिलांची मॉडेल १२ स्वयंपाकघरातल्या टेबलावर काढली आणि माझ्यासमोर उघडली. मॅगझिनच्या टोकाची पिन दाबली, मॅगझिन पाव फेरा फिरवून पुढे सरकवलं, मग नळी पाव फेरा फिरवली, आणि बंदुकीचे दोन भाग झाले. जिथे नळी बॉडीत बसते त्या सांध्यावर बारीक दात्यांची एक रिंग आहे. वापरून वापरून सांधा ढिला पडला, तर ही रिंग थोडी पुढे फिरवायची, नळी पुन्हा घट्ट. पन्नास वर्षांनी होणाऱ्या झिजेची तजवीज बंदूक घडवणाऱ्यानं आधीच करून ठेवली होती. ती रिंग बोटांत धरून मी बराच वेळ बसलो होतो. काही वर्षांनी त्यानं ती बंदूक मला रास्त किमतीत दिली. त्याच्या मुलांना ती नको होती.

या बंदुकांच्या घराण्याचा मूळपुरुष युटातल्या ऑग्डेनचा जॉन ब्राउनिंग. मॉडेल १८९७ त्याचीच. १९५७ पर्यंत दहा लाखांहून जास्त निघाल्या. पहिल्या महायुद्धात अमेरिकी सैनिकांनी ती खंदकात नेली, तेव्हा जर्मनीनं १९१८ मध्ये तिच्याविरुद्ध अधिकृत निषेध नोंदवला होता. रॉयल्टीवरून ब्राउनिंग आणि विंचेस्टर यांचं फाटलं, आणि पुढची बंदूक कंपनीतल्याच टी. सी. जॉन्सन यांच्या हाती आली. त्यांनी घोडा बॉडीच्या आत घेतला. १९१२ मध्ये मॉडेल १२ बाजारात आली, १९६३ पर्यंत जवळजवळ वीस लाख झाल्या. तिची बॉडी घडीव पोलादाची, मिलिंग करून कोरलेली, आणि भाग हातानं जुळवून बसवलेले. १९५० मध्ये रेमिंग्टनची ८७० आली. तीही चांगली, मजबूत बंदूक; पण तिचे कित्येक भाग पत्र्यातून ठोकून काढलेले, म्हणून ती स्वस्त. फिटरच्या मजुरीपुढे मॉडेल १२ चा हिशेब बसेना. उद्यमनगरात वाढलेल्या माणसाला हा हिशेब समजावून सांगावा लागत नाही.

ग्रीन कार्ड हातात आल्यावरच मी बंदूक घेतली, आणि त्याआधी हंटर सेफ्टीचा वर्ग केला. जुन्या पंप बंदुकांची एक खोड तिथे कळली. मॉडेल १८९७ आणि १२ मध्ये डिस्कनेक्टर नाही. चाप दाबून धरलेला असताना मूठ पुढे ढकलली, तर काडतूस बसल्याक्षणी बार उडतो. त्यामुळे पक्षी नीट दिसेपर्यंत बोट चापाबाहेर. सोबत माणसं आणि कुत्रं असताना यात सवलत नाही.

आमची शिकार फेझंटची. हा पक्षी मूळचा आशियातला, मोर-कोंबडीच्या कुळातला. विसाव्या शतकाच्या अगदी सुरुवातीला सीडर फॉल्सजवळ वादळानं एका फार्मची कुंपणं पाडली, दोनेक हजार फेझंट सुटले आणि आयोवात रुजले. मका निघालेला असतो, बांधाकडेचं गवत कमरेएवढं, सकाळी त्यावर दहिवर. कुत्रं थबकतं. मग पायाशीच पंखांचा फडफडाट आणि नराचं कर्कश ओरडणं. त्या क्षणात लांब शेपूट आणि मानेची पांढरी कंठी दिसायला हवी, कारण मादी मारायची नाही. खात्री नसेल तर बार काढत नाही. रिकाम्या हातानं परतण्यात मला कधी कमीपणा वाटलेला नाही. शिकार म्हणजे जीव घेणं, तेव्हा एका बारात काम व्हावं इतका सराव मातीच्या तबकड्यांवर आधी करणं हे शिकाऱ्याचं कर्तव्यच आहे.

घरी आल्यावर पक्षी मीच साफ करतो. त्याचा पिशवीसारखा गळा चिरला की पिवळेधमक मक्याचे दाणे हातावर येतात, काही अजून न भिजलेले. मांस कोरडं असतं, मंद आचेवर शिजवावं लागतं. कोल्हापूरहून येणारा आईचा कांदा-लसूण मसाला घालून केलेला तांबडा रस्सा त्याला मानवतो. शिशाचे छर्रे मी सोडले. बदकांसाठी ते १९९१ पासून देशभर बंदच आहेत, आणि मुलांच्या ताटात मला ते नकोत. स्टीलचे छर्रे जुन्या फुल चोकच्या, म्हणजे तोंडाशी आवळलेल्या नळीला इजा करतात, म्हणून बिस्मथ. महाग पडतं, पण दुसरा मार्ग नाही.

माझी मुलगी डावखुरी आहे. उजवीकडे काडतूस फेकणारी बंदूक तिच्या चेहऱ्यासमोरूनच ते टाकते. १९३७ पासून निघालेली इथाका ३७ काडतूस खालूनच भरते आणि खालूनच टाकते, म्हणून ती तिची झाली.

इथे नव्या लांब नळीच्या बंदुका आणि काडतुसांवर ११ टक्के कर आहे. १९३७ च्या कायद्यानुसार तो वन्यजीवांच्या कामासाठी राज्यांना मिळतो. मला हा कर भरताना समाधान वाटतं. पण पैशाइतकंच गवतही लागतं. २००७ नंतर मक्याचे भाव चढले, सरकारी योजनेत पडीक ठेवलेली गवताळ रानं पुन्हा नांगराखाली गेली आणि फेझंट घटले. ज्याला जुन्या बंदुकीचं प्रेम आहे, त्यानं या गवतासाठीही बोललं पाहिजे.

संग्राहकांचं एक मला पटत नाही. काही जण बंदूक तिजोरीत ठेवतात आणि नुसती किंमत सांगतात. काही जण नळी कापतात, झिजलेलं ब्लूइंग घासून नवं चढवतात. माझ्या मॉडेल १२ च्या बॉडीखाली, जिथे हात धरून ती वाहिली जाते, तिथला काळा रंग उडून पांढरं पोलाद दिसतं. तो रंग एका शेतकऱ्याच्या तळहातानं उडवलाय. तो मी पुन्हा चढवणार नाही.

इकडे राहणाऱ्या कुणा मराठी माणसाला अशी बंदूक घ्यायची असेल, तर आधी सेफ्टीचा वर्ग करा. मॉडेल १२ असेल तर नळीच्या भागावरचा आणि बॉडीवरचा क्रमांक जुळतो का ते पाहा. जुनी सोळा बोरची असेल, तर चेंबर गनस्मिथकडून मोजून घ्याच. तेव्हाची चेंबर ६५ मिलिमीटरची असायची, आजचं काडतूस ७० चं. ते आत बसतं, पण बार झाल्यावर त्याचं तोंड पुरतं उघडायला जागा उरत नाही आणि दाब वाढतो. विकणाऱ्याला ती कुणाची होती हे विचारा आणि लिहून ठेवा. मग तिला रानात न्या. आयोवात फेझंटचा हंगाम ऑक्टोबरच्या शेवटच्या शनिवारी उघडतो.