मापात पाप नसतानाही

मॉनिटरचे रंग तपासायला एक छोटे यंत्र मिळते, कॅलिब्रेटर. ते पडद्याला टेकवून ठेवायचे, ते रंग मोजते आणि त्यावरून पडदा दुरुस्त होतो. माझ्या चुलतभावाच्या फोटो स्टुडिओत असेच एक जुने यंत्र आहे. निकाहच्या अल्बमात नवरीचा लाल दुपट्टा विटकरी छापून आला, की तो प्रेसवाल्याशी भांडतो. यंत्रावर मात्र पक्का भरवसा!

पण मोजणाराही म्हातारा होतो. या यंत्रांत रंगीत फिल्टर असतात. जुन्या बनावटीतले फिल्टर काळाने आणि दमट हवेने फिके पडत. म्हणजे कोकणात ते नुसते कपाटात पडून असले तरी बिघडणार. वापरले नाही म्हणून टिकले, असा हिशेब इथे चालत नाही. 2011 साली आलेल्या आय-वन डिस्प्ले प्रोमध्ये काचेचे फिल्टर होते. तशी यंत्रे बरीच वर्षे टिकतात. शिवाय जुने यंत्र धड असले तरी नव्या एलईडी पडद्यांचा उजेड चुकीचा वाचू शकते.

किराणा दुकानातल्या इलेक्ट्रॉनिक काट्याला वैधमापन खात्याचा शिक्का दरवर्षी लागतो. रंगाच्या यंत्राला कोण शिक्का मारणार? सूरह अल-मुतफ्फिफीन मापात खोट करणाऱ्यांच्या धिक्कारानेच सुरू होते. इथे तर खोट करणारा कुणीच नाही, तरी गिऱ्हाइकाला दुपट्टा विटकरीच मिळतो.

भावाला सांगितले, कुणाचे तरी नवे यंत्र तासभर माग. एकाच पडद्यावर दोन्ही लाव. आकडे जुळले तर प्रेसवाल्याशी खुशाल भांड.