दोन बाजूंची बेरीज

गणिताचे आणि माझे कधीच फारसे जमले नाही. पण भूमितीतला एक सिद्धान्त मात्र मला जन्मभर पुरला आहे. शाळेत तो गुरुजींनी सांगितला. समजला तो आईमुळे.

जयगडच्या धक्क्यावर उभे राहिले, की शास्त्री नदीच्या मुखापलीकडे तवसाळ दिसते. ते माझे आजोळ. तरीतून जाणाऱ्याला ते अगदी जवळ. जमिनीवरून जायचे, तर मात्र खाडीच्या काठाने राई-भातगावच्या पुलापर्यंत वर जावे आणि पलीकडच्या काठाने पुन्हा समुद्राकडे उतरावे.

‘त्रिकोणाच्या कोणत्याही दोन बाजूंची बेरीज तिसऱ्या बाजूपेक्षा मोठी असते,’ हे मी शाळेतून आल्या आल्या आईला ऐटीत ऐकवले. ती तांदूळ निवडीत होती. मान वर न करता म्हणाली, “हे कळायला शाळा कशाला रे? समोर तवसाळ दिसत असताना गाढवसुद्धा भातगावाकडे वळायचं नाही!”

पुढे वाचनात आले, की ग्रीस देशात एपिक्युरसच्या अनुयायांनीही युक्लिडची अशीच थट्टा केली होती, आणि तीही गाढवाचाच दाखला देऊन! पाचव्या शतकातल्या प्रोक्लसने त्यांना उत्तर दिले, की दिसणे वेगळे आणि का ते कळणे वेगळे. युक्लिड ते ‘का’ कोनांतून काढतो. मोठ्या कोनासमोरची बाजू मोठी, हे तो आधी सिद्ध करतो आणि त्याच्या आधाराने दोन बाजूंची बेरीज तिसरीहून मोठी ठरवतो. कंपास जितका फाकवावा, तितकी त्याची टोके दूर जातात, तशातलाच हा प्रकार.

आमच्या घरातही एक कोन असाच फाकला होता. उसनवारीच्या पैशांवरून अण्णांचे आणि मामाचे बिनसले. दोघेही हट्टी. अण्णा तवसाळला पाऊल टाकीनात, मामा जयगडला फिरकेना. आईने मात्र एकही भाऊबीज चुकवली नाही. अण्णा तिला धक्क्यापर्यंत पोचवीत आणि तर सुटली की पाठ फिरवीत. पलीकडे मामा पाण्यात उतरून तिचा हात धरी. दोघांपैकी कोणीही तिच्याजवळ दुसऱ्याची चौकशी केली नाही. चौकशी करायची गरजच नव्हती. आईच आपण होऊन सगळे सांगत असे.

कॉलेजात असताना भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’ची ओळख झाली. इ. स. 1150 च्या या ग्रंथात एक मोठी मजा आहे. ज्या आकृतीत एक बाजू बाकीच्यांच्या बेरजेइतकी किंवा तिच्याहून मोठी सांगितली असेल, तिला आचार्य ‘अक्षेत्र’ म्हणतात. तीन, सहा आणि नऊ बाजूंचा त्रिकोण कोणी धीटपणे विचारलाच, तर तेवढ्या लांबीच्या सरळ काड्या मांडून त्याला दाखवा, असे ते सुचवतात.

त्या दिवाळीत मी खराट्याचे हीर तोडून ओटीवर मांडले. तीन बोटे आणि सहा बोटे, नऊ बोटांच्या हिरावर सपाट निजले. त्रिकोण झालाच नाही.

“आणि नवाचा दहा केलास तर?” आईने विचारले.

“तर टोकं जुळायचीच नाहीत.”

ती थोडा वेळ हिरांकडे पाहत राहिली. मग म्हणाली, “म्हणजे हे दोन आखूड ठेवले, की तिसरा फार लांब जाऊच शकत नाही. असंच ना?”

मी “हो” म्हणालो. वर्षानुवर्षे ती तरीत का बसत होती, हे मला त्या दिवशी कळले. अण्णा आणि मामा एकमेकांपासून किती दूर जाऊ शकतील, याची मर्यादा तिने आपल्या दोन बाजूंनी बांधून ठेवली होती.

आई गेली, त्या वर्षीची भाऊबीज मला जड वाटत होती. आता तिसऱ्या बाजूला कोण अडवणार? सकाळी अण्णांनी करंज्यांचा डबा माझ्यापुढे ठेवला. बांधताना फडक्याची गाठ त्यांना नीट जमली नव्हती.

“तुझ्या मामाला नेऊन दे,” ते म्हणाले. “आणि त्याचा गुडघा कसा आहे, ते विचारून ये.”

मामाच्या गुडघ्याचे दुखणे त्यांना आईनेच कधीतरी सांगितले असणार. तर सुटली. मी मागे वळून पाहिले, तेव्हा अण्णा अजून धक्क्यावरच उभे होते.