वहिनीच्या तळघरातली एरिका

जर्मनीत करवतीचं नाव एरिका असू शकतं. खोटं नाही सांगत! माफेल नावाची १८९९ सालची कंपनी आहे, नेकार नदीकाठच्या ओबेर्नडॉर्फ गावातली. तिच्या एका मशीनचं हे नाव. दादा-वहिनी राहतात त्या श्टुटगार्टमधूनही हीच नेकार वाहते. त्यामुळे वहिनीच्या हिशेबात एरिका म्हणजे घरचीच मुलगी.

या जातीच्या करवतीला जर्मनमध्ये 'उंटरफ्लूर-त्सूग-झेगे' म्हणतात. टेबलाच्या पोटातून ओढायची करवत, असं समजा. नाव नीट उच्चारायला मला दोन दिवस लागले. मशीन मात्र पाच मिनिटांत कळलं, आणि कळल्यावर पहिला प्रश्न हाच पडला की आपल्याकडे हे कुणी का नाही वापरत?

दादाचं म्हणणं वेगळं होतं. "शनिवारी बाउमार्क्टमध्ये जाऊ, एक मायटर सॉ उचलू, विषय संपला." मायटर सॉ तुम्ही फर्निचरच्या कामावर पाहिली असेल. हँडल खाली दाबलं की पातं वरून फळीवर उतरतं. आडवा काप, तिरका काप, फोटोफ्रेमचा पंचेचाळीसचा सांधा, सगळं खटाखट. पण फळी लांबीत चिरायची म्हटलं की ती हात वर करते. त्यासाठी टेबल सॉ लागते. म्हणजे मशीन दोन, आणि वहिनीची हॉबीरूम जेमतेम तीन बाय चार मीटर, त्यातही दोन सायकली आणि दादाचं स्कीइंगचं सामान. (ते त्याने एकदाच वापरलंय. असो.)

वहिनीला मात्र टेबल सॉ म्हटलं की घाम फुटतो. कारण बापू.

बापू म्हणजे वहिनीचे बाबा. चिपळूणचे जुने सुतार. डाव्या हाताची दोन बोटं पहिल्या पेरापासून नाहीत. वहिनी दहावीत असताना एका वखारीत सागाची रिप चिरताना लाकूड पात्यामागे आवळलं गेलं. गोल करवतीच्या मागच्या बाजूचे दाते वर उसळत असतात, त्यांनी रिप उचलून भिरकावली आणि तिच्यावर ठेवलेला हात पुढे गेला. पात्यामागे पाचर असती तर लाकूड आवळलं नसतं. नव्हती. आजही आपल्याकडे फ्लॅटमध्ये फर्निचरचं काम सुरू असतं तेव्हा बघा, मार्बल कटर प्लायवूडला खालून उलटा बसवतात आणि झाली टेबल सॉ! ना पाचर, ना वरचं झाकण.

असे बापू आता नव्वद दिवसांच्या व्हिसावर श्टुटगार्टला येणार होते. सुतार माणूस नव्वद दिवस खिडकीतून ट्राम मोजत बसेल? वहिनीने ते येण्याआधी सेकंड-हँड एरिका घरात आणली. नवीन घ्यायची तर दोन हजार युरोंच्या वर जाते. आकडा ऐकून दादा एक अख्खं जेवण गप्प जेवला.

मी पोचले त्याच्या दुसऱ्या दिवशी बापूंनी तिची परीक्षा घेतली. आधी प्लग काढायला लावला. मग हँडल हळूहळू पुढे ओढलं, मागे ढकललं. टेबलावरच्या फटीतून पातं मागून पुढे येत होतं आणि परत जात होतं. बापूंनी फळी ठेवली, टेकू लावला. हा टेकू आपल्या बाजूला असतो, कारण पातं आपल्याकडे येताना लाकूडही आपल्याकडे ओढू बघतं. डावा हात फळी टेकूवर दाबून धरतो, फटीपासून लांब. उजवा हात टेबलाच्या बाहेर, हँडलवर.

"दोन्ही हातांना काम दिलंनी गो," बापू म्हणाले. "मोकळा हातच तिथं जातो."

मला तोवर वाटत होतं की सगळी करामत मोटरची असेल. साध्या टेबल सॉवर लाकूड पात्याकडे जातं आणि त्याच्याबरोबर आपले हातही जातात. मायटर सॉवर लाकूड थांबतं आणि पातं येतं. एरिकाही आडव्या कापाला तेच करते, फक्त वरून येण्याऐवजी खालून. आणि लांबीत चिरायचं असेल तेव्हा पातं एका जागी पक्कं करायचं, की तीच टेबल सॉ. वहिनीच्या मॉडेलला २५० मिलिमीटरचं पातं आहे, ते ८५ मिलिमीटर जाड लाकूड कापतं. घरगुती फर्निचरला चिकार झालं. पातं टेबलाखाली असल्यामुळे भुसाही बराचसा तिथूनच व्हॅक्यूममध्ये जातो. मायटर सॉचा भुसा खोलीभर होळी खेळतो.

पण काप अचूक येतो का? बापूंची जुनी युक्ती. फळी कापायची, एक तुकडा उलटा करायचा आणि कापलेली टोकं पुन्हा जोडायची. काटकोनात जितकी चूक असेल तिच्या दुप्पट फट दिसते. पहिल्या दिवशी उजेड दिसला. बापूंनी गुण्या लावून टेकू सरळ केला, आणि चौथ्या खेपेला उजेड गायब! फ्रेमला हे फारच लागतं. चार बाजूंना आठ काप, प्रत्येकात अर्धा अंश चुकला तर शेवटच्या कोपऱ्यात चार अंशांचा घोळ.

आता दुसरी बाजूही सांगते, नाहीतर दादा म्हणेल पेड आर्टिकल आहे. तीन मीटरची स्कर्टिंगची पट्टी कापायची तर छोट्या टेबलावरून तिचं टोक लोंबकळतं, बाजूला आधार उभा करावा लागतो. रोज वेगवेगळ्या साइटवर जाऊन पन्नास पट्ट्या तोडणाऱ्याला मायटर सॉच बरी. ती उचलायला सोपी आणि खूप स्वस्त. शिवाय पातं खालून येत असल्यामुळे पेन्सिलीच्या रेघेवर नजर ठेवून कापता येत नाही, टेकूवर आणि मापावर भरवसा ठेवावा लागतो. थोडक्यात, खोली एकच असेल, काम फर्निचरचं असेल आणि खिसा सोसत असेल, तर मायटर सॉ नसली तरी काही अडत नाही. माझं मत वहिनीच्या पारड्यात.

खरं भांडण पुढेच होतं. लांबीत चिरताना एरिका शेवटी टेबल सॉच. लाकूड ढकलायचं, हात पुढे न्यायचा, सगळं तेच. वहिनीने जाहीर केलं, "बापू, ओढायचे काप तुमचे. चिरायचं काम फक्त मी करणार."

बापू दोन दिवस खाली उतरले नाहीत. पन्नास वर्षांच्या सुताराला त्याची पोर सांगते, हे चालणार, ते नाही! दादाने मध्ये पडायचा प्रयत्न केला आणि दोन्हीकडून बोलणी खाल्ली. तिसऱ्या दिवशी बापू स्वतःच आले, डावा हात बर्म्युडाच्या खिशात. वहिनी फळी चिरत होती. पाचर जागेवर, झाकण खाली, ढकलायला लाकडी काठी. बापूंनी पूर्ण फळी होईपर्यंत श्वास धरला असावा, कारण मशीन थांबल्यावर त्यांनी तो सोडलेला मला ऐकू आला.

"काठी आणखी लांब कर," एवढंच म्हणाले.

लांब काठी त्यांनीच केली. बीचच्या लाकडाची, मूठ घासून गुळगुळीत. मग देव्हाऱ्याचं काम सुरू झालं. वहिनी चिरते, बापू ओढतात. दुपारी एक ते तीन बंद, रविवारी पूर्ण बंद. इमारतीचा नियमच तसा.

परवा बापू चिपळूणला वखारीतल्या मित्राशी फोनवर बोलत होते. स्पीकर चालू, आवाज जिन्यापर्यंत.

"अरे, लाकूड जाग्यावर रवतां आणि करवत चालतां!"

पलीकडून विचारलं, "मग सुतार काय करतो?"

"माप घेतो," बापू म्हणाले.